ओटा आणि ओट्याखालचे कपाट : स्वयंपाकघरातील सामग्रीच्या निवडीचा आढावा

नव्या स्वयंपाकघराची आखणी करताना ओट्यावर कोणता दगड बसवावा आणि ओट्याखालची कपाटे कशाची करावीत, हा प्रश्न वरकरणी आवडीनिवडीचा आणि ऐपतीचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर बहुतांशी त्या घरात काय शिजते, पाणी कसे वापरले जाते आणि पावसाळ्यात तेथील हवा किती दमट असते, यांवर अवलंबून असते. दुकानात मात्र निवडीचा क्रम नेमका उलटा असतो. प्रथम कपाटांच्या दारांचा रंग ठरतो, मग त्या रंगाशी जुळणारा दगड ठरतो, आणि दारांमागचा सांगाडा कशाचा आहे, फळीच्या कापलेल्या कडा कशाने बंद केल्या आहेत, सिंकखालच्या कप्प्याचा तळ कशाचा आहे, या बाबी कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडल्या जातात. चांगले दिसणारे स्वयंपाकघर थोड्याच वर्षांत खिळखिळे होते ते बहुधा या न पाहिलेल्या जागांपासून, आणि त्याला कारण होते ते उष्णता किंवा वजन यांपेक्षा पाणी. प्रस्तुत आढाव्यात महाराष्ट्रातील घरांमध्ये प्रचलित असलेल्या सामग्रीचा विचार या दृष्टीने केला आहे, आणि त्यामुळे जाहिरातीत गाजणाऱ्या काही पदार्थांना थोडी, तर जुने म्हणून मागे पडलेल्या काहींना अधिक जागा दिली आहे.

उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा ही मराठी घरातील तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. चूल, वैल आणि कोळशाची शेगडी जमिनीवर असत. विळी, पाटा-वरवंटा, खलबत्ता, पोळपाट ही साधने बसून वापरण्याच्या बेतानेच घडली. आणि भांडी घासण्याची मोरी घराच्या कोपऱ्यात किंवा बाहेर असली, तरी तिला स्वतःचा कठडा असे, त्यामुळे तेथील पाणी तेथेच राही. घासलेटच्या स्टोव्हने आणि त्यानंतर गॅसने ही रचना मोडली. मुंबईत १९५५ साली बर्मा शेल कंपनीने द्रवरूप पेट्रोलियम वायूची विक्री सुरू केली, १९६५ साली इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ बाजारात आला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत शेगडी टाकीपेक्षा वरच्या पातळीवर ठेवण्याची गरज ओट्याला घरोघर घेऊन गेली. त्याबरोबरच मोरीही सिंकच्या रूपाने ओट्यावर चढली, मात्र येताना तिचा कठडा मागे राहिला. आग, पाणी, चिरणे, कुटणे, वाढणे ही सर्व कामे दोन फूट रुंदीच्या एकाच फरशीवर आली आणि त्या फरशीखालच्या मोकळ्या जागेत लाकडी कपाट आले, म्हणजे ज्या पदार्थाला पाणी सोसत नाही तो पदार्थ पाण्याच्या अगदी खाली जाऊन बसला. आजच्या स्वयंपाकघराच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या शेजारात आहे.

सामग्रीची निवड कामावरून करण्याचा विचार आधुनिक स्वयंपाकघराच्या आरंभीच्या नमुन्यांत स्पष्ट दिसतो. वास्तुविशारद मार्गारेट शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली फ्रँकफर्टमधील नव्या गृहवसाहतींसाठी जे छोटे स्वयंपाकघर आखले, त्यात पीठ ठेवण्याचे खण ओक लाकडाचे होते, कारण त्या लाकडातील टॅनिनमुळे पिठाला कीड लागत नाही असा अनुभव होता. कामाचे फळे मात्र बीच लाकडाचे होते, कारण त्यावर डाग आणि सुरीचे वण कमी उमटतात. एकाच खोलीत दोन कामांसाठी दोन लाकडे वापरण्याचा हा विवेक पुढे ‘सगळीकडे एकसारखे’ करण्याच्या हौसेत लोपला, आणि तो परत आणण्याची गरज महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांना युरोपपेक्षा जास्त आहे, कारण येथे चार महिन्यांचा पावसाळाही जमेस धरावा लागतो.

ओट्याच्या दगडांचा विचार करताना एक विसंगती प्रथम लक्षात येते. महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे, आणि पाटे, वरवंटे, जाती, उखळे याच दगडाची होत आली. तरीही ओट्याची फरशी मात्र येथील दगडाची नसते. लाव्हा थिजताना आकसतो, त्यामुळे बेसाल्टमध्ये भेगांचे जाळे असते आणि काही थरांत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात. त्याचे चिरे आणि ठोकळे उत्तम निघतात, पण सहा-सात फूट लांबीची, इंचभर जाडीची सपाट फरशी सहसा निघत नाही. अशी फरशी थरांनी साठत गेलेल्या गाळाच्या खडकातून सहज उकलते, म्हणून ती बाहेरच्या प्रांतांतून आली : आंध्र प्रदेशातील कडपा भागातून काळा कडप्पा, कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून राखी रंगाची शहाबादी आणि राजस्थानातून हिरवट कोटा. ही तिन्ही नावे गावांची किंवा भागांची असून मराठी घरांत ती दगडांची जातिवाचक नावे झाली आहेत, आणि भूशास्त्राच्या भाषेत हे तिन्ही चुनखडक आहेत.

चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याचे वैर अम्लाशी, म्हणजे आंबट पदार्थांशी असते. लिंबातील सायट्रिक अम्ल, चिंचेतील टार्टारिक अम्ल, कोकमाचे आगळ, व्हिनेगर यांपैकी काहीही चुनखडकावर सांडले, तर पृष्ठभागाचा सूक्ष्म थर विरघळून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तेथे फिकट, खरखरीत ठिपका उरतो. हा डाग नसून दगडाची झीज असते, त्यामुळे तो घासून जात नाही. त्यासाठी पुन्हा घोटाई करावी लागते. संगमरवर हा उष्णतेने आणि दाबाने रूपांतरित झालेला चुनखडकच असल्यामुळे हेच त्यालाही लागू पडते, आणि रोज आमटीत आमसूल किंवा चिंच पडणाऱ्या घरात ओट्यासाठी संगमरवर निवडणे म्हणजे पहिल्या महिन्यापासून त्याची चकाकी घालवणे होय. देवघर, खिडकीचा कट्टा किंवा पोळ्या लाटण्याची एखादी वेगळी जागा यांसाठी संगमरवराला तोड नाही, मात्र सिंकच्या आणि शेगडीच्या मधल्या पट्ट्यात त्याचे काम नाही. कडप्प्याची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण त्याच्याकडून चकाकीची अपेक्षाच नसते. त्यावर पांढुरके ठिपके पडले तरी तेलाचा हात फिरवल्यावर ते काही काळ दबतात, आणि तापलेले पातेले, कुकर, नारळ फोडण्याचा धक्का हे सर्व तो वर्षानुवर्षे सोसतो.

ग्रॅनाइटने ओट्यावरून कडप्प्याला हटवले ते मुख्यतः कठीणपणाच्या आणि अम्लाला दाद न देण्याच्या गुणामुळे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोझ मापनश्रेणीत सर्वांत मऊ संगजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० असा क्रमांक दिलेला आहे. त्या श्रेणीत चुनखडकातील कॅल्साइट ३ वर येते, सुरीचे पोलाद साधारण साडेपाचच्या आसपास, आणि ग्रॅनाइटमधील फेल्डस्पार व क्वार्ट्झ अनुक्रमे ६ आणि ७ वर. याचा सरळ अर्थ असा की सुरीने कडप्प्यावर ओरखडा उठतो, तर ग्रॅनाइटवर सुरीच बोथट होते. बाजारात ग्रॅनाइट म्हणून जे विकले जाते ते सर्व भूशास्त्रीय अर्थाने ग्रॅनाइट नसते. कर्नाटकातील चामराजनगर किंवा तमिळनाडूतील कुन्नम येथील एकसंध काळा दगड हा खरे तर डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा, म्हणजे बेसाल्टच्याच घटकांचा, पण जमिनीखाली सावकाश थंड झाल्यामुळे घट्ट आणि अधिक भरड स्फटिकांचा झालेला खडक आहे. ज्या काळ्या पाषाणाच्या पाट्यावर आजीने वाटण केले, त्याच्या जवळच्या भावंडावर नात मिक्सर ठेवते, असे या अर्थाने म्हणता येते.

या काळ्या दगडांना स्वयंपाकघरात पसंती मिळण्यामागे रंगापेक्षा त्यांचा घट्टपणा हे अधिक योग्य कारण आहे. फिकट रंगाच्या, ठळक दाण्यांच्या ग्रॅनाइटमध्ये दाण्यांच्या सांध्यांतून तेल झिरपते आणि शेगडीभोवती फोडणीच्या तेलाचे गडद कडे तयार होते, म्हणून अशा दगडाला सीलर, म्हणजे सूक्ष्म छिद्रे बुजवणारे द्रव, काही काळाने पुनःपुन्हा लावावे लागते. खरेदीच्या वेळी फरशीवर पाण्याचे थोडे थेंब दहा-पंधरा मिनिटे ठेवून दगड त्या जागी गडद होतो का, हे पाहणे ही साधी आणि विश्वसनीय परीक्षा आहे. दुसरी परीक्षा काळ्या रंगाची : करड्या दगडाला रंग देऊन तो काळा म्हणून विकण्याचा प्रकार सर्रास चालतो, आणि थिनरमध्ये भिजवलेला पांढरा कापूस फरशीच्या कोपऱ्यावर घासला असता कापूस काळा झाल्यास तो रंग दगडाचा नाही हे उघड होते. ग्रॅनाइट शेगडीच्या उष्णतेने सहसा तडकत नाही. तडकतो तो बहुधा हॉबसाठी, म्हणजे ओट्यात बसवण्याच्या शेगडीसाठी, मोठे भोक पाडल्यावर पुढे-मागे उरलेल्या दोन-अडीच इंचांच्या अरुंद पट्टीवर, आणि तोही पुष्कळदा बसवताना किंवा वाहून नेताना. या पट्टीखाली आधार देणे सुताराचे की गवंड्याचे काम, याचा निर्णय आधीच झालेला असावा.

गेल्या काही वर्षांत ‘क्वार्ट्झ’ या नावाने जो पदार्थ ओट्यावर येऊ लागला, त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे. हा खाणीतून निघणारा दगड नसतो. क्वार्ट्झची वाळू व भुकटी वजनाने सुमारे नव्वद टक्के आणि उरलेला भाग पॉलिएस्टर राळ व रंगद्रव्ये, असे मिश्रण निर्वात अवस्थेत कंपनाने दाबून त्याच्या लाद्या पाडल्या जातात. या प्रक्रियेचे मूळ इटलीतील ब्रेटन कंपनीच्या यंत्रतंत्रात आहे. लादीला छिद्रे जवळजवळ नसल्यामुळे ती तेल पीत नाही, सीलर लागत नाही, अम्लाचा परिणाम होत नाही, आणि हवा तो रंग एकसारखा मिळतो. उणीव आहे ती राळेची. सुमारे दीडशे अंश सेल्सिअसच्या पुढे राळ करपू लागते, आणि तळणीच्या तेलाचे तापमान त्याहून अधिक असल्यामुळे शेगडीवरून उतरवलेली कढई थेट अशा ओट्यावर टेकली, तर पिवळट वर्तुळ किंवा तडा कायमचा राहतो. पांढऱ्या क्वार्ट्झवर हळद सांडून राहिली तर तिचा पिवळा रंगही राळ धरून ठेवते. ज्या घरात गरम भांडे सवयीने कोठेही टेकवले जाते, त्या घरातील माणसांनी ओट्यासाठी सवय बदलावी अशी अपेक्षा धरण्यापेक्षा सवयीला साजेसा दगड निवडावा, हे अधिक शहाणपणाचे.

क्वार्ट्झविषयीची गंभीर बाब घरातील वापराशी नव्हे, तर ती लादी कापणाऱ्या कामगाराशी निगडित आहे. स्फटिकी सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसात साचली की तेथे व्रणासारखे तंतू तयार होतात आणि श्वास घेण्याची क्षमता कायमची घटत जाते. या असाध्य आजाराला सिलिकोसिस म्हणतात. संगमरवरात सिलिका नगण्य असते, ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते निम्म्याच्या आत असते, तर कृत्रिम क्वार्ट्झमध्ये ती नव्वद टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. इस्राएल, स्पेन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे ओटे कापणाऱ्या तरुण कामगारांमध्ये हा आजार वेगाने बळावलेला आढळल्यानंतर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाचे उत्पादन, पुरवठा आणि बसवणी यांवर बंदी घातली. अशी बंदी घालणारा तो जगातील पहिला देश ठरला. भारतात सिलिकोसिसची ओळख मध्य प्रदेशातील मंदसौरच्या पाटीपेन्सिल कामगारांपासून राजस्थानातील दगडखाणींपर्यंत जुनी आणि दुःखद आहे, आणि राजस्थानने या आजारासाठी २०१९ साली स्वतंत्र धोरणही केले. तरीही आपल्याकडील इमारतींच्या जिन्यांत आणि गच्चीवर कोरड्या कटरने पांढऱ्या धुळीच्या लोटात फरशी कापणारा, तोंडाला फक्त रुमाल बांधलेला कारागीर हे नेहमीचे दृश्य आहे. रुमालाने ही धूळ अडत नाही. पाण्याची धार सोडून कापल्यास ती मोठ्या प्रमाणात बसते, म्हणून दगड कोणताही असो, मापे आधी देऊन कापणी कारखान्यात ओल्या पद्धतीने करून घ्यावी आणि घरी राहिलेले किरकोळ कामही पाणी सोडूनच करावे, ही अट घरमालकाने घालणे आवश्यक आहे. तिचा खर्च क्षुल्लक आहे.

उरलेल्या पृष्ठभागांचा परामर्श थोडक्यात घेता येतो. सुमारे बाराशे अंशांवर भाजलेल्या, बारा ते पंधरा मिलिमीटर जाडीच्या मोठ्या सिरॅमिक लाद्या गुजरातमधील मोरबी परिसरात तयार होतात. त्या उष्णता, अम्ल आणि डाग या तिन्हींना पुरून उरतात, पण ठिसूळ असतात, आणि खलबत्त्याचा घाव किंवा कडेवर आपटलेला कुकर त्यांचा टवका काढतो, शिवाय वरची नक्षी आतपर्यंत गेलेली नसेल तर तो टवका लपत नाही. ‘नॅनो व्हाइट’ नावाने मिळणारी शुभ्र लादी काचेच्या जातीची असल्याने तिच्याविषयीही हीच सावधगिरी बाळगावी लागते. ड्यूपाँट कंपनीने १९६० च्या दशकात विकसित केलेल्या ‘कोरियन’सारख्या सलग पृष्ठभागात ॲक्रिलिक राळ आणि ॲल्युमिनियमचे खनिज चूर्ण असते, त्याचे सांधे दिसत नाहीत आणि ओरखडे घासून काढता येतात, परंतु तो उष्णतेला क्वार्ट्झहूनही हळवा आहे. स्टेनलेस स्टीलचा ओटा घरात रूक्ष वाटतो, म्हणून तो मागे राहिला. खानावळी आणि रुग्णालये यांनी मात्र तो सोडलेला नाही, कारण सांध्यांशिवाय भिंतीपर्यंत चढवता येणारा आणि सिंकसह एकाच पत्र्यातून घडवता येणारा तो पदार्थ आहे.

ओट्याचा दगड बदलणे अवघड असते, परंतु तो सहसा बदलावा लागत नाही. बदलावी लागतात ती कपाटे. या संदर्भात महाराष्ट्रातील एक जुनी पद्धत नव्याने तपासण्याजोगी आहे. ओट्याखाली दोन-अडीच फुटांच्या अंतराने कडप्प्याच्या उभ्या फरश्या भिंतीत खाचून उभ्या करायच्या, त्यांच्यावर ओट्याची फरशी टेकवायची, आणि त्या दगडी कप्प्यांत स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या सरकवून पुढे फक्त दारे बसवायची, ही ती पद्धत. मराठी घरांत आजही संपूर्ण कपाटव्यवस्थेला ‘ट्रॉल्या’ म्हणतात ते याच रचनेमुळे. येथे सांगाडा, ज्याला कारागीर ‘कारकस’ म्हणतात, दगडाचा असल्यामुळे त्याला पाणी, वाळवी आणि वजन यांपैकी कशाचेही भय नसते. खराब झालीच तर दारे बदलायची. आधुनिक ‘मॉड्युलर’ पद्धतीत कारखान्यात बनवलेले सुटे लाकडी खोके शेजारी शेजारी मांडून त्यांच्यावर दगड ठेवतात. ती मापात अचूक, बसवायला जलद आणि घर बदलताना हलवता येण्याजोगी आहे, यात शंका नाही. कडप्प्याच्या उभ्या फरश्या ओळंब्यात नसल्या तर ट्रॉलीचे चॅनेल अडकतात, दगडात स्क्रू धरत नाही म्हणून बिजागऱ्यांसाठी कडेला पट्टी बसवावी लागते, आणि फटी बुजवल्या नाहीत तर झुरळांचे फावते. तरीही स्वतःच्या घरात वीस-पंचवीस वर्षे राहायचे असेल, विशेषतः कोकणपट्टीत, तर दगडी कप्पे आणि बदलती दारे ही जोडी लाकडी खोक्यांपेक्षा सरस ठरते, आणि केवळ जुनाट म्हणून ती नाकारणे चूक आहे.

लाकडी सांगाडाच करायचा असेल तर पहिला विचार प्लायवुडचा होतो. लाकडाचे पातळ पापुद्रे, ज्यांना व्हिनियर म्हणतात, रेषा एकमेकांशी काटकोनात येतील असे एकावर एक चिकटवून ही फळी बनते, त्यामुळे ती लाकडाप्रमाणे एका दिशेने फुगत किंवा चिरत नाही. तिचे आयुष्य लाकडापेक्षाही चिकटद्रव्यावर ठरते. साध्या ओलावारोधक प्रतीत युरिया फॉर्माल्डिहाइड राळ असते, जी दीर्घ ओलाव्यात सुटते. उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या प्रतीत फिनॉल फॉर्माल्डिहाइड असते. भारतीय मानक आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायवुडचे आणि आयएस ७१० हे मरीन प्लायवुडचे असून, दुसऱ्यात नमुना ७२ तास उकळूनही थर सुटता कामा नयेत अशी कसोटी आहे. फळीवर ‘७१०’ हा आकडा छापणे आणि फळी त्या कसोटीला उतरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून फळीचा एक तुकडा कापून घेऊन घरी काही तास पाण्यात उकळून पाहणे, ही कुणालाही करता येणारी तपासणी आहे, आणि प्रामाणिक विक्रेत्याची तिला हरकत नसते.

प्लायवुडच्या दर्जातील चढउतारामागे जंगलांचा इतिहासही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी वनतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर ईशान्येतील वनांवर उभा असलेला लाकूडउद्योग आक्रसला आणि हा धंदा हरियाणातील यमुनानगरकडे व केरळातील पेरुंबवूरकडे, म्हणजे शेतातील पॉप्लर, निलगिरी, रबर अशा झटपट वाढणाऱ्या झाडांकडे वळला. मरीन प्लायवुडसाठी नावाजलेले गर्जन लाकूड म्यानमारमधून येत असे, पण त्या देशाने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. जंगल वाचवण्याच्या दृष्टीने हा बदल इष्टच होता, परंतु पॉप्लरचा गाभा हलका आणि मऊ असल्यामुळे ‘पूर्वीचे प्लाय’ आणि ‘आताचे प्लाय’ यांची तुलना करताना वजनात आणि स्क्रू धरण्याच्या ताकदीत जो फरक जाणवतो, त्याचे कारण केवळ भेसळ हे नाही.

लाकडाचा चुरा किंवा तंतू राळेत दाबून केलेल्या फळ्या हा दुसरा मोठा वर्ग. पार्टिकल बोर्डमध्ये भुसा-चुरा असतो, एमडीएफमध्ये बारीक तंतू, आणि एचडीएचएमआर या लांबलचक आद्याक्षरांनी ओळखली जाणारी फळी म्हणजे अधिक घनतेची, ओलाव्याला अधिक दाद न देणारी तंतूफळी. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात उसाच्या बगॅसपासूनही पार्टिकल बोर्ड बनवण्याचे उद्योग झाले, ही गोष्ट शेतीच्या अवशेषाला मोल मिळाल्यामुळे स्वागतार्ह म्हणावी लागेल. या वर्गाचा मूळ दोष एकच आहे : पाणी आत शिरले की फळी फुगते आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. एचडीएचएमआर हा दोष बराच कमी करते, नाहीसा करत नाही. वरच्या, भिंतीवरच्या कपाटांसाठी आणि दारांसाठी ती चांगली आहे, कारण तिचा पृष्ठभाग प्लायवुडपेक्षा सपाट असतो. स्वस्त पार्टिकल बोर्ड मात्र ओट्याखाली वापरू नये, मग ते परदेशी असो वा देशी.

पीव्हीसीच्या फेसाळ फळ्यांना आणि लाकूडभुसा मिसळलेल्या डब्ल्यूपीसीला पाणी व वाळवी यांचे भय नसल्यामुळे मुंबई आणि किनारपट्टीत त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. तथापि, प्लॅस्टिक वजनाखाली हळूहळू वाकत जाते, तीन फुटांच्या फळीवर डाळी-तांदळाचे डबे ठेवले की काही काळात पोट सुटते, आणि हलक्या घनतेच्या फळीत बिजागरीचा स्क्रू सैल होतो. सिंकखालच्या कप्प्याला ही फळी उत्तम, डब्यांच्या फळीला दुय्यम, आणि शेगडीच्या लगत अयोग्य. स्टीलच्या जाळ्यांबाबत एवढेच लक्षात ठेवावे की ३०४ क्रमांकाच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, तर स्वस्त २०२ मध्ये बरेचसे निकेल काढून मँगनीज घातलेले असते. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि मिठाच्या बरणीखाली हा फरक तांबूस ठिपक्यांच्या रूपाने लवकर दिसतो, आणि चुंबक लावून पाहण्याच्या प्रचलित परीक्षेने तो ओळखता येत नाही, कारण हे दोन्ही प्रकार चुंबकाला फारशी दाद देत नाहीत.

सागवानाचा उल्लेख टाळता येणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या, बल्लारशा आणि आलापल्लीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सागाची कीर्ती त्याच्यातील नैसर्गिक तेलांमुळे आहे. ती वाळवीला आणि कुजण्याला रोखतात. पण अखंड लाकूड हवेतील ओलाव्याबरोबर रुंदीत फुगते व आकसते, आणि पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या मे महिन्यानंतर महिन्याभरातच धो-धो पाऊस पाहणाऱ्या विदर्भात हा फरक सर्वांत मोठा असतो. म्हणूनच जुने सुतार दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवत, तिला खिळे मारत नसत. आजच्या घट्ट, फटीविरहित दारांच्या आकृतिबंधात सागाची अखंड फळी बसत नाही. चौकटीची दारे ज्यांना आवडतात आणि परवडतात त्यांच्यासाठी ती अजूनही सर्वांत दुरुस्तीसुलभ सामग्री आहे, कारण रंधा मारून ती पुन्हा नवी करता येते.

वरच्या आवरणांमध्ये लॅमिनेट, ज्याला मराठी घरांत एका जुन्या व्यापारी नावावरून सर्रास सनमायका म्हणतात, हेच बहुसंख्य घरांसाठी योग्य उत्तर आहे. राळेत भिजवलेल्या कागदाचे थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव करून ते बनते. ओरखडा, तेल आणि ओले फडके यांना ते चांगले तोंड देते. ॲक्रिलिकची चकाकी मोहक असते, पण त्यावर बोटांचे ठसे आणि बारीक ओरखडे दिसतात. पीव्हीसीचा पापुद्रा ताणून चढवलेली ‘मेंब्रेन’ दारे शेगडीच्या आणि कुकरच्या वाफेजवळ सोलली जातात. फळीच्या एकाच बाजूला लॅमिनेट लावले तर दार वाकते, म्हणून आतल्या बाजूलाही तोलासाठी पातळ थर द्यावा लागतो, आणि खर्च वाचवण्यासाठी नेमका तोच वगळला जातो. कोऱ्या फळीतून युरिया राळेचा फॉर्माल्डिहाइड वायूही हळूहळू सुटत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो मानवात कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केलेला आहे, तेव्हा कमी उत्सर्जनाची, ई-१ किंवा त्याहून काटेकोर प्रतीची फळी मागणे आणि तिच्या सर्व बाजू झाकून घेणे, हे लहान मुलांच्या घरात तरी ऐच्छिक मानू नये.

बाजू झाकण्याचा हा मुद्दा पाण्यापाशी परत येतो. फळीचा पृष्ठभाग सहसा भिजत नाही. भिजते ती कापलेली कड. ती यंत्राने चिकटवलेल्या पीव्हीसी पट्टीने बंद केलेली असेल, तर सामान्य प्रतीची फळीही पुष्कळ वर्षे तग धरते, आणि ती उघडी असेल तर मरीन प्लायही पापुद्रे सोडू लागते. त्यासाठी ओट्याचे आणि कपाटांचे काम एकत्र विचारात घ्यावे लागते : ओट्याला सिंककडे किंचित ढाळ हवा, पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच हवी, म्हणजे ओघळणारे पाणी दारावर न जाता तेथूनच खाली ठिबकेल, भिंत आणि ओटा यांचा सांधा पांढऱ्या सिमेंटने न भरता लवचिक सिलिकॉनने किंवा एपॉक्सीने भरलेला हवा, आणि खोके जमिनीपासून चार इंच वर, प्लॅस्टिकच्या पायांवर हवे, कारण मराठी घरात स्वयंपाकघराची फरशी रोज पाण्याने पुसली जाते. सिंकखालच्या एका कप्प्यासाठी तरी कडप्पा, पीव्हीसी किंवा स्टील यांपैकी काही वापरावे, बाकीचे स्वयंपाकघर कशाचेही असले तरी. तेथील तळाला आणि पाठीला नळजोडणीसाठी जी भोके पाडली जातात, त्यांच्या आतल्या कडा जवळजवळ नेहमी कोऱ्या राहतात. त्यांना एपॉक्सीचा एक हात देण्याचे काम पाच मिनिटांचे असते, पण ते नळजोडणीच्या आधी करावे लागते, नंतर पाइप आड येतो.